खोडरबर जप्त करणाऱ्या सोनवणे बेन

सोनवणे बेनच्या तासाला कुणाच्या दप्तरात मोबाइल सापडला तर त्या एकवेळ सोडून द्यायच्या, पण खोडरबर सापडलं की जप्त. त्यांच्या टेबलाच्या खणात लोणच्याची एक रिकामी बरणी होती. तिच्यात स्ट्रॉबेरीच्या वासाची, कार्टूनची, अर्धी चावलेली अशी पन्नाससाठ खोडरबरं कायम पडलेली असत. वर्ष संपलं की ज्याची त्याला परत मिळत. "गणिताला वापर, चित्राला वापर. विज्ञानाच्या वहीत दिसलं तर बघ," असं बजावून.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. सुरतेत गोडादऱ्याच्या बाजूला आमची मराठी माध्यमाची शाळा, पहिली ते आठवी. पोरं बहुतेक खानदेशातल्या घरांतली, थोडी मराठवाडा-विदर्भाकडची. बाप लूमच्या खात्यात कामाला. खातं म्हणजे इथे कापड विणायचा कारखाना. आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली. पोरं घरात अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि शुद्ध मराठी फक्त माझ्या तासाला, तीही माझ्या धाकाने. शिक्षिकेला इथे बाई म्हणत नाहीत, बेन म्हणतात. म्हणून त्या सोनवणे बेन. धुळ्याकडच्या माणसाला ते आधी कानाला खटकतं, मग सवय होते.

बेन ठेंगण्या, सावळ्या, कायम सुती साडीत. खांद्याला शबनम, तिच्यात दोन निळी पेनं आणि शिंप्याची मोजपट्टी. आवाज मात्र असा की खालच्या मजल्यावर त्यांनी "घर्षण" म्हटलं की वरच्या मजल्यावर माझी कविता घसरायची. मी कितीदा म्हणालो असेन, "बेन, जरा हळू. तुमचं विज्ञान माझ्या वर्गाला फुकटात कळतंय." त्या हसायच्या आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणायच्या, "मग बरंच आहे की, बोरसेसर!"

त्यांच्या दोन खोडी सगळ्या शाळेला पाठ होत्या. एक म्हणजे स्टाफरूममधली खुर्ची. डाव्या भिंतीला लागून, अगदी कोपऱ्यातली. तिथे दुसरं कुणी बसलं तर बेन उभ्या राहायच्या, पण दुसरीकडे बसायच्या नाहीत. आम्ही समजायचो, खिडकीच्या वाऱ्यासाठी. दुसरी म्हणजे "परत सांग." पोराने प्रश्न विचारला की बेन त्याच्याकडे नीट तोंड वळवून म्हणायच्या, "परत सांग." पोरगं परत सांगायचं. आणि गंमत अशी की दुसऱ्यांदा विचारताना निम्म्या पोरांना आपला प्रश्न आपोआप नीट मांडता यायचा. एकदा वरून तपासणीला आलेले साहेब तर खूश होऊन गेले. "विद्यार्थ्याला प्रश्न दोनदा मांडायला लावणे, ही उत्तम पद्धत," असा शेराच लिहून गेले. बेननी तो शेरा वाचला आणि पुढच्या तासाला निघून गेल्या.

आता माझं पाप सांगतो. बेन यायच्या आधी शाळेचं विज्ञान प्रदर्शन माझ्या गळ्यात होतं. विज्ञानाचा मास्तर नव्हता आणि माझं अक्षर चांगलं, एवढीच माझी पात्रता. मी प्लास्टरचा एक ज्वालामुखी केला होता. त्याच्या पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर ओतलं की लाल फेस. दर वर्षी मी त्याला नवा रंग द्यायचो, दोन गोरीगोमटी, बोलकी पोरं निवडायचो, त्यांच्याकडून भाषण घोकून घ्यायचो आणि झोनच्या प्रदर्शनात नेऊन बसवायचो. तीनदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आमच्या पोरांनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता, ज्वालामुखीचं तर सोडाच. पण सगळ्याच शाळांचे मास्तर असंच करायचे. कुणाचा जेसीबी, कुणाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र, सगळं मास्तरांच्या हातचं. पोरं फक्त शेजारी उभी.

बेन आल्या त्या वर्षी मी मोठ्या अभिमानाने ज्वालामुखी त्यांच्या हवाली केला. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"छान आहे. कुणी केला?"

"मीच."

"मग प्रदर्शनात तुम्हीच उभे राहा ना, सर. पोरांना कशाला उन्हात तिष्ठत ठेवता?"

मला असा राग आला म्हणता! आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ज्वालामुखी कपाटावर गेला आणि अजून तिथेच आहे. त्याच्या तोंडात शिपाई झाडूच्या काड्या खोचून ठेवतो.

बेनची रीत वेगळी होती. जूनमध्ये शाळा उघडली की आठवीच्या वर्गात मागच्या भिंतीला एक कोरा कागद लागायचा. ज्याला प्रदर्शनात जायचंय त्याने त्यावर प्रश्न लिहायचा. पुस्तकातला नको, घरातला, गल्लीतला. ज्याचं उत्तर कुणाला विचारून नाही, मोजून मिळेल असा. मग दोघादोघांची जोडी, जोडीला एक वही. वहीत रोज लिहायचं, पेनने. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. "चूक खोडायची नाही. चुकीवर तारीख घालायची," हे त्यांचं वाक्य. एकदा मोजलं ते मोजलं नाही, तीनदा मोजायचं. तक्ता सगळ्यात शेवटी, आणि त्यावरचं अक्षर पोरांचं, वाकडं असलं तरी. म्हणजे माझी उरलीसुरली पात्रताही गेली. मला फक्त टेप धरायचं काम मिळालं.

पहिली दोन वर्षं आमची पोरं प्रदर्शनात सपशेल आपटली. वाकडे तक्ते, साध्या वह्या. आचार्य, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, कुरकुरायला लागले. "बेन, तो ज्वालामुखी तरी बरा होता." बेन म्हणाल्या, "साहेब, अजून एक वर्ष द्या."

त्या तिसऱ्या वर्षीच्या कोऱ्या कागदावर प्राची महाजनने लिहिलं, "आमचे पप्पा टीव्ही एवढा मोठा का लावतात?"

वर्ग खो-खो हसला. बेन नाही हसल्या. "परत सांग," म्हणाल्या.

प्राची उठून उभी राहिली. बारीक, तेल लावून चापून बांधलेल्या दोन वेण्या, बोलताना ओढणीचं टोक पिळायची. म्हणाली, "पप्पा घरात नसले की टीव्हीचा आवाज आम्ही बारावर ठेवतो. पप्पा खात्यातून आले की अडतीसवर नेतात. तरी म्हणतात, नीट ऐकू येत नाही, टीव्ही खराब आहे. टीव्ही खराब आहे का पप्पांचे कान? आणि कान असतील तर कशाने?"

"किती दिवस पाहिलंस?"

"रोजच. मी आकडा बघते ना स्क्रीनवर."

बेननी त्या दिवशी डबा खाल्ला नाही, एवढंच मला आठवतं. नुसत्या खिडकीशी उभ्या होत्या. मला वाटलं, उपास असेल.

आता यातली खरी गोची सांगतो. प्राचीच्या बापाने, रामदासभाऊंनी, वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, आठवी झाली की बास. आमची शाळा आठवीला संपते. नववीला दूरच्या शाळेत जायचं, रिक्षा करायची, त्यापेक्षा आईजवळ बसून साड्यांना टिकल्या लावल्या तर घराला हातभार. माणूस वाईट नव्हता. बारा-बारा तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस, पुढचं कुठून बघणार? पण पोरगी हुशार होती हो. बेननी मनात धरलं की ही नववीला गेली पाहिजे, आणि त्यासाठी बापाने तिला एकदा तरी चारचौघांत बोलताना पाहिलं पाहिजे. प्रदर्शनाला न्यायचं तर पालकाची सही लागते. म्हणजे आधी सही, मग प्रदर्शन, मग नववी. सगळं त्या एका सहीला लटकलेलं.

यंत्रसामग्री म्हणाल तर बेननी घरून चावीचं एक जुनं घड्याळ आणलं, टिकटिक मोठी असलेलं. ज्याचा कान तपासायचा त्याला भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसवायचं. एक कान बोटाने बंद. घड्याळ लांबून जवळ आणायचं. टिकटिक ऐकू आली की त्याने हात वर करायचा, तिथे टेप लावायची. असं तीनदा. प्राचीच्या जोडीला निकिता होती, तिच्याच चाळीतली. दोघींनी गल्लीतले वीसेक काका, मामा, दादा पकडून पकडून मोजले. वहीत कुणाचं नाव नाही, फक्त नंबर. हे बेनचं पहिलं बजावणं होतं, कारण कारागिराचा कान हे त्याचं पोट असतं. धागा तुटला की यंत्राचा सूर बदलतो, तो ज्याला ऐकू येत नाही त्याचं कापड बिघडतं.

प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं आणि घोळ झाला. सात नंबरचे काका चुकून दोनदा मोजले गेले. एकदा प्राचीने, एकदा निकिताने. एकीचा आकडा दुसरीच्या दुपटीहून जास्त! निकिता घाबरली. तिने एका आकड्यावर गुपचूप व्हाइटनर फिरवला.

बेननी वही उघडली आणि त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निकिताचे डोळे तोवर भरून आलेच होते.

"याखाली काय होतं?"

निकिताने आकडा सांगितला.

"बाजूला लिही परत. आता सांग, तू मोजलंस तेव्हा काका कुठून आले होते?"

"खात्यातून. जिना चढले तसेच बसवले."

"आणि प्राची, तू?"

"सुट्टी होती त्यांना, बेन. दुपारी झोपून उठले होते."

बेन खुर्चीत मागे टेकल्या. मग दोघींकडे बघून एवढं हसल्या की मला कळेना, यांना झालंय काय. अहो, आमच्याकडे घरात माणूस कधी दिसणार हे पाळीवर ठरतं. पोरींना बाप, काका दिसले की त्यांनी घड्याळ काढलं. कुणी दिवसपाळी करून आलेला, कुणी रातपाळी उरकून, कुणी सुट्टीचा, सगळे एकाच रांगेत भरलेले. दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरांनी ही चूक केलीच नसती. आणि त्या चुकीत उत्तर बसलं होतं. कामावरून आल्या आल्या कान जास्त बधिर, विश्रांतीनंतर थोडा मोकळा.

"सगळे परत मोजायचे," बेन म्हणाल्या. "प्रत्येक माणूस दोनदा. खात्यातून आल्यावर एकदा, सुट्टीच्या दिवशी एकदा."

"पंधरा दिवसांत?" मी ओरडलोच. "बेन, वेड लागलंय का तुम्हाला? आहे त्यावर तक्ता करा आणि मोकळ्या व्हा!"

"तुमचा ज्वालामुखी रिकामा आहे ना अजून? घेऊन जा तो," त्या म्हणाल्या. मी मुकाट्याने टेप गुंडाळली.

पोरींनी मोजले. कसे मोजले ते त्यांनाच ठाऊक. साड्यांच्या खोक्यांत येतो त्या फोमची आणि केसांच्या हेअरबँडची कानावर घालायची झाकणंही बनवली. ती घातली की टिकटिक किती जवळून ऐकू येते तेही मोजलं. पहिली झाकणं चष्म्याच्या काडीत अडकायची, दुसरी घामाने निसटायची, तिसरी टिकली. तीनही नमुने बेननी ठेवायला लावले. वही भरत आली. फक्त पहिलं पान कोरं होतं. त्यावर वर लिहिलं होतं, "नंबर १." तो नंबर प्राचीच्या पप्पांसाठी राखलेला. रामदासभाऊ बसायला तयार नव्हते, आणि फॉर्मवर सहीही करत नव्हते.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बेन आणि मी त्यांच्या खोलीवर गेलो. एकच खोली, निम्मी साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. टीव्ही सुरू. आकडा मी मुद्दाम पाहिला, अडतीस. वहिनींनी गठ्ठे सरकवून आम्हाला जागा केली आणि चहा टाकला.

रामदासभाऊंनी बेनना बोलूच दिलं नाही. "मी काय बहिरा शे का?" ते कडाडले. "माले समदं आयकू येस! सेठच्या कानावर गेलं तर म्हणेल, याला धागा तुटल्याचं कळत नाही. उद्या मशीनवरून काढलं तर हे घर कोण चालवणार, बेन? तुमची वही?"

"वहीत नाव नाही, भाऊ. नुसता नंबर आहे."

"नंबर असो नाहीतर काही असो. पोरीला प्रदर्शनात उभी करून बापाची लाज काढायचीय का?"

प्राची मोरीजवळ उभी होती. ओढणीचा पार पिळा झाला होता. मला वाटलं, संपलं. मी चहाचा कप खाली ठेवून उठायच्या बेतात होतो.

बेन म्हणाल्या, "प्राची, टीव्ही बंद कर. वहीत शेवटचं पान काढ. आधी माझं मोज."

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. डोळे मिटले. आधी उजवा कान. प्राची दाराबाहेर गॅलरीतून घड्याळ घेऊन निघाली आणि उंबऱ्याशी येताच बेनचा हात वर झाला. मी टेप लावली, प्राचीने लिहिलं. मग बेननी उजव्या कानात बोट घातलं आणि डावा कान पुढे केला.

प्राची गॅलरीतून निघाली. उंबरा ओलांडला. पंखा बंद होता, टिकटिक मला स्वच्छ ऐकू येत होती. गठ्ठ्यांपर्यंत आली. बेनचा हात मांडीवरच. प्राची एक पाऊल पुढे आली, अजून एक. ती बेनच्या खांद्याशी पोचली आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं, बंद पडलंय की काय. चालू होतं. तिने ते अजून जवळ नेलं, कानाच्या पाळीला जवळजवळ टेकवलं, तेव्हा कुठे बेनचा हात वर झाला.

प्राचीने घड्याळ खाली घेतलं. आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड पडायला लागली. कोपऱ्यातली खुर्ची, म्हणजे सगळी माणसं उजव्या हाताला. तो मोठा आवाज. ते "परत सांग." तीन वर्षं मी या बाईच्या आवाजाची टिंगल करत होतो! मला माझीच शरम वाटली, आता लिहितानाही वाटते.

"किती आलं?" बेननी डोळे उघडून विचारलं.

प्राचीच्या हातात पेन होतं, पण चालेना. "बेन, नको ना..."

"किती आलं ते लिही."

"दोन बोटं."

"बोटं नाही. टेप लाव आणि सेंटिमीटरमध्ये लिही. पेनने."

पोरीने लिहिलं. मग बेन रामदासभाऊंकडे वळल्या. आवाज नेहमीचाच, पण बोलणं संथ. "माझा बाप पण कारागीर होता, भाऊ. मी सहावीपासून दहावीपर्यंत शाळा सुटली की त्याच्या मशीनशेजारी बॉबिनवर सूत भरायला बसायची. मशीन डाव्या हाताला. अभ्यासही तिथेच केला. नोकरीत हे अजून कुणाला माहीत नाही. आज तुम्हाला कळलं आणि या बोरसेसरांना. आता तुम्ही ज्याला सांगाल त्याला सांगा. पण पोरगी खरं मोजते, ते खोटं पाडू नका."

रामदासभाऊंनी वहीचं ते पान आपल्याकडे ओढून आकडा बघितला. वहिनी गॅसपाशी डोळ्यांना पदर लावून उभ्या. मग ते उठले, बेन बसल्या होत्या त्या जागी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "चाल, मोज मग."

नंबर १ चं पान भरलं. दुसऱ्या दिवशी ते पाळीवरून आले तसे परत मोजायला बसले. फॉर्मवर सही झाली, मोठ्या थोरल्या अक्षरात.

प्रदर्शन शहरातल्या एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये होतं. बेनचा नियम होता की मार्गदर्शक शिक्षकाने आपल्या टेबलापासून दहा पावलं लांब थांबायचं. पोरांना ओठ हलवून उत्तरं पुरवायची नाहीत. मी खांबाआड उभा राहिलो आणि माझे ओठ मी हाताने धरून ठेवले. आजूबाजूला दोन ज्वालामुखी होते. बघून मला जुना सोयरा भेटल्यासारखं झालं.

परीक्षक एक इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी तक्ता पाहिला, झाकणं कानाला लावून पाहिली आणि मग वही उचलली. व्हाइटनरच्या डागापाशी थांबल्या. "आ शुं छे?"

निकिताने सांगितलं, गुजरातीत, अडखळत, पण सगळं. लपवलं होतं, पकडले गेलो, मग त्यातूनच कळलं. बाई खुर्ची ओढून खाली बसल्या. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या टेबलापाशी त्या बसल्याचं मी पाहिलं नाही.

"विश्रांती मिळाली की कान पूर्ण बरा होतो का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

प्राची म्हणाली, "माहीत नाही, मॅडम. आम्ही फक्त पंधरा दिवस मोजलंय. नंबर एकचा तर सुट्टीतही फार सुधारला नाही. त्याला जास्त दिवस मोजावं लागेल."

"हा नंबर एक कोण?"

प्राचीच्या मागे, गर्दीत, रामदासभाऊ उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पाळी बदलून. मला दिसत होते, प्राचीला नाही.

प्राचीने ओढणी सोडली, हात मागे बांधले. "ते सांगता येणार नाही, मॅडम. आम्ही त्यांना शब्द दिलाय."

बाईंनी मान डोलावली आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

निकाल लागला. आमचा दुसरा नंबर आला, आणि पुढच्या फेरीला जाणार फक्त पहिला. पहिला आला एक जेसीबी. इतका सफाईदार की तो आठवीच्या पोरांनी केला असेल तर मी माझं नाव बदलीन. मी भडकलो. परत येताना रिक्षात बेनना म्हणालो, "काय मिळालं एवढं करून? सांगा ना! पोरींनी पंधरा दिवस जीव काढला आणि मास्तरच्या खेळण्याने नंबर नेला!"

बेन म्हणाल्या, "परत सांगा, सर. या बाजूने बोललात." मी सरकून उजवीकडे बसलो, पण परत काही बोललो नाही.

मला वाटलं होतं, दुसऱ्या नंबराने बापावर काय फरक पडणार? सर्टिफिकेट भिंतीला लागेल आणि पोरगी टिकल्यांना. वार्षिक परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी वर्गात याद्या लिहीत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून अशी आरोळी आली की पोरंसुद्धा दचकली.

"बेन! मन्ही पोरना नववीना फारम कोठे भेटस?"

सगळ्या शाळेला ऐकू गेलं. रस्त्यावरच्या केळीवाल्यालाही गेलं असेल. मी जिना उतरून गेलो तर रामदासभाऊ बेनसमोर उभे, आणि बेन अगदी साळसूद चेहऱ्याने त्यांना म्हणताहेत, "परत सांगा, भाऊ."

त्यांनी परत सांगितलं, अजून मोठ्याने.

त्यानंतर बेननी स्वतःच आचार्यांना कानाचं सांगितलं. आचार्य चांगले निघाले. कागदपत्रं झाली, ऐकायचं मशीन आलं. डाव्या कानामागे लावायचं, कातडीच्या रंगाचं. बेननी त्या दिवसापासून केस मागे घट्ट बांधायला सुरुवात केली, मशीन दिसावं म्हणून. आवाज मात्र काही कमी झाला नाही. सवय ती सवय.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषणं लांबायला लागली तेव्हा त्यांनी डोकं खाजवल्यासारखं करून मशीन हळूच बंद केलं. मी शेजारी होतो, मला दिसलं. समारंभ आटोपला, सगळे वड्यांकडे वळले, तेव्हा प्राची आली. ती आता डिप्लोमाला आहे, इन्स्ट्रुमेंटेशनला. वेण्या गेल्या, ओढणीही गेली. खांद्याच्या पिशवीतून तिने ते चावीचं घड्याळ काढलं, आणि ती वही. बेनना न विचारता आठवीच्या रिकाम्या वर्गात खुर्ची भिंतीकडे वळवली.

बेन बसल्या. डोळे मिटले, उजव्या कानात बोट घातलं. डाव्या कानावर मशीन होतं. मी सवयीने टेप हातात घेतली.

प्राची फळ्यापासून निघाली. टिक, टिक. दुसरा बाक, तिसरा बाक. चौथ्या बाकापाशी बेनचा हात वर गेला. खुर्ची अजून चांगली लांब होती. प्राची तिथेच थांबली. तिचं नाक लाल झालं होतं, वही उघडली होती, शेवटचं पान, बेनच्या जुन्या आकड्याखालची ओळ.

"किती लिहू, बेन?"

"मला काय विचारतेस? टेपला विचार."

मी गुडघ्यावर बसून टेप लावली. आकडा वाचला. मग मोठ्याने सांगितला.

"परत सांगा, बोरसेसर," बेन डोळे न उघडता म्हणाल्या.

त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं, मला माहीत होतं. मी परत सांगितला.